‘डोळे मिचकावा’: एका अटीची उलटतपासणी

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक वकील राहतो. हायकोर्टात प्रॅक्टिस, वय पस्तिशीच्या आत, आणि त्याला डोळ्यांनी अजिबात दिसत नाही. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी त्याच्या आईकडे चहाला जाते. तो घरी असला की बँकेची काहीतरी भानगड माझ्यासाठी तयारच असते. तसाच एकदा म्हणाला, “काकू, जरा इकडे या. हे ॲप मला काय करायला सांगतंय ते बघा.”

तो ऑनलाइन खातं उघडत होता. नाव, पॅन, आधार, ओटीपी सगळं स्वतःच भरलेलं, तेही माझ्यापेक्षा भरभर. शेवटी सेल्फी. पडद्यावर एक लंबगोल आणि त्याखाली सूचना: चेहरा चौकटीत आणा आणि डोळे मिचकावा. एरवी त्याचा फोन सगळं बोलून दाखवतो, पण या पानावर आल्यावर तो मुका झाला होता. सूचना मी वाचून दाखवली. त्याचा डावा डोळा कृत्रिम आहे आणि उजवी पापणी लहानपणच्या ऑपरेशनपासून अर्धीच मिटते. तरी आम्ही तीनदा प्रयत्न केला. “डावीकडे घे, जरा वर, अरे एवढं वर नको, आता नुसतं कपाळ दिसतंय,” असं माझं चाललेलं. तिसऱ्यांदा लाल अक्षरं उमटली: पडताळणी अयशस्वी, २४ तासांनी पुन्हा प्रयत्न करा.

“२४ तासांत मला दिसायला लागेल असं यांना वाटतंय बहुतेक,” तो म्हणाला आणि चहाचा कप तोंडाला लावला.

याच मिचकावण्यावरून सर्वोच्च न्यायालयाचा एक मोठा निकाल आलेला आहे. बातम्यांत तेव्हा ‘डिजिटल केवायसी’, ‘सुलभता’, ‘कलम २१’ असे शब्द नुसते उडत होते. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी तो ‘अंधांना सवलत’ असा वाचला. सवलतीचा त्यात काही संबंध नाही. तोच उलगडा करायचा प्रयत्न करते.

मुळात मिचकावायचं कशासाठी?

केवायसी म्हणजे ग्राहक खरोखर तोच आहे ना, याची बँकेने केलेली खातरजमा. मी काउंटरला होते तेव्हा ती सोपी होती. माणूस समोर उभा, हातात त्याचा फोटो, चेहरा जुळवला की झालं. ऑनलाइनमध्ये समोर माणूस नसतो, कॅमेरा असतो. कॅमेऱ्यापुढे उद्या कोणी तुमचा छापील फोटोही धरेल. म्हणून ॲप सांगतं डोळे मिचकावा, मान वळवा, हसा. फोटो मिचकावत नाही, जिवंत माणूस मिचकावतो. तंत्रज्ञ याला लाइव्हनेस चेक म्हणतात, आपण जिवंतपणाची चाचणी म्हणू.

आता यात दोन गोष्टी आहेत, हेतू आणि रीत. समोर जिवंत माणूस आहे हे कळणं हा हेतू. पापणी हलवून दाखवणं ही रीत. भात शिजला का हे कोणी शीत दाबून बघतं, कोणी कुकरच्या शिट्ट्या मोजतं, माझी सासू तर नुसत्या वासावरून गॅस बंद करायची. भात तिन्ही घरांत शिजतो. उद्या कोणी नियम केला की शीत डोळ्यांनी बघितल्याशिवाय भात शिजला असं धरणार नाही, तर आपण त्याला वेड्यात काढू. ॲप बनवणाऱ्याने मात्र नेमकं तेच केलं, आणि तेही दुष्टपणाने नव्हे. त्याला पापणी हलवता येत होती, त्याच्या शेजारी बसलेल्यालाही येत होती, म्हणून सगळ्यांनाच येते असं त्याने धरलं.

आमच्या वकिलाचा धंदाच मुळी हेतू आणि रीत वेगळी करून दाखवण्याचा आहे. कुठल्याही अटीपुढे तो एकच प्रश्न ठेवतो: ही कशासाठी?

कोर्टात काय झालं

३० एप्रिल २०२५ ला न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने दोन याचिकांवर एकत्र निकाल दिला. एक होती प्रज्ञा प्रसून आणि इतरांची. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञाताई २०२३ मध्ये बँकेत खातं उघडायला गेल्या आणि पापण्या मिचकावता येत नाहीत म्हणून त्यांची केवायसी अडली. दुसरी अमर जैन यांची. जैन मुंबईतले वकील, स्वतः पूर्ण अंध, आणि डिजिटल सुलभतेसाठी झगडणाऱ्या ‘मिशन ॲक्सेसिबिलिटी’चे एक संस्थापक. त्यांची तक्रार पापणीपुरती नव्हती. चेहरा चौकटीत आलाय की नाही हे सांगणारा आवाज नाही, कागदाची पुढची बाजू कोणती नि मागची कोणती ते कळत नाही, ओटीपी टाकायच्या आत वेळ संपतो, पडद्यावर बोटाने सही करायची तर कुठे ते समजत नाही. म्हणजे वाटेत एकच पायरी मोडकी नव्हती, जिन्याचा जिनाच तसा.

न्यायालयाने म्हटलं की आज बँक, शिक्षण, आरोग्य, सरकारी योजना सगळंच फोनमधून चालतं. मग फोनमधल्या त्या दारातून आत जाता येणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ चा भाग आहे. त्यापुढे २० निर्देश दिले. त्यातले सामान्य ग्राहकाच्या कामाचे सांगते. जिवंतपणा तपासायला मिचकावण्याखेरीज दुसरे मार्ग ठेवा. अंगठ्याचा ठसा चालवा. कागदावरची केवायसी बंद करू नका. यंत्राने नाकारलेला अर्ज माणसाकडून पुन्हा तपासून घ्या. ॲप आणि वेबसाइट यांची सुलभतेसाठी ठरावीक काळाने तपासणी करून घ्या आणि नवं काही बाजारात आणण्याआधी ते अंध वापरकर्त्यांच्या हातात देऊन बघा.

हा शेवटचा निर्देश मला सगळ्यात आवडला. चपला शिवणारा निदान पायात घालून तरी बघतो.

पुढे ३१ जुलै २०२५ ला सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, बाजारातल्या संस्थांसाठी डिजिटल सुलभतेचं परिपत्रक काढलं. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने केवायसीच्या नियमांत दुरुस्ती केली, की जिवंतपणाच्या चाचणीमुळे विशेष गरजा असलेला माणूस बाहेर राहता कामा नये. परिपत्रक निघालं म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळी ॲपं सुधारली असं होत नाही, हे मी बँकेत आयुष्य काढल्यामुळे ठामपणे सांगू शकते. पण भांडायला हातात कागद आला.

पंगतीतलं मीठ आणि उपासाची खिचडी

या विषयात दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि वकीलसुद्धा त्यांत घोळ घालतात. एक ‘सुलभता’, दुसरा ‘वाजवी सोय’.

लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. मीठ, लिंबू, चटणी प्रत्येक पानात आधीच वाढलेली असते. तुम्हाला हवी का, असं कोणी विचारत नाही. ही सुलभता: अमुक माणूस येणार हे माहीत नसतानाही सगळ्यांना धरून केलेली तयारी. आणि एखाद्या आजींचा उपास निघाला की यजमान आतून त्यांच्यापुरती साबुदाण्याची खिचडी आणतात. ही वाजवी सोय: एका माणसाची गरज कळल्यावर त्याच्यापुरता केलेला बदल. पहिली मागावी लागत नाही, दुसरी मागावी लागते. यजमानाने पाचशे पानांत खिचडी वाढावी असं कोणी म्हणत नाही. पण “आमच्याकडे जेवायचं तर उपास मोडा” हेही चालत नाही.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६, जो एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात दोन्ही आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व मोजलं जायचं, नव्यात २१ प्रकार आहेत. वाजवी सोयीची मर्यादाही कायद्यानेच घातलेली आहे: समोरच्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचा चांगला खुलासा केला. त्यांना लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. नागरी सेवा परीक्षेला लेखनिक हवा होता, पण ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नव्हतं. न्यायालय म्हणालं, ४० टक्के ही आरक्षणासारख्या लाभांची अट आहे, लेखनिक मिळण्याची नव्हे.

वकील वाचतो कसा?

हा प्रश्न मला लिफ्टमध्येसुद्धा विचारला गेलाय, तो शेजारी उभा असताना. त्याला ऐकू येतं हे लोक विसरतात.

तो कानाने वाचतो. फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये स्क्रीन रीडर असतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी प्रणाली. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर, दोन्ही फोनसोबतच येतात. लॅपटॉपवर त्याच्याकडे एनव्हीडीए आहे, फुकट मिळतं. ते मुळात ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये लिहायला घेतलं होतं. त्याने वेग इतका ठेवलाय की मला ती भाषा आहे हेच पहिल्यांदा कळलं नाही, कढईत मोहरी तडतडल्यासारखं वाटलं. कोर्टात एका कानात इअरफोन, दुसरा कान न्यायमूर्तींसाठी मोकळा. समोरच्या वकिलाने कुठला परिच्छेद गाळून वाचला हे तो जागेवर पकडतो.

अडतं ते कागदाशी. एकदा त्याच्या टेबलाशी बसून मी त्याची एक सकाळ पाहिली. समोरच्या पक्षाने ३१२ पानांचं कंपायलेशन, म्हणजे खटल्याच्या कागदांचा गठ्ठा, पाठवलं होतं, पीडीएफमध्ये. उघडलं. लॅपटॉप म्हणाला, “रिकामं पान.” पुढचं पान, रिकामं. तिसरं, रिकामं. मला तर पानं अक्षरांनी भरलेली दिसत होती. कारण ती अक्षरं नव्हतीच, अक्षरांचे फोटो होते. कोणीतरी छापील कागद झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन करून आणले होते. भाकरीच्या फोटोने पोट भरत नाही, तसं पानाच्या फोटोने स्क्रीन रीडरचं भागत नाही. मग फोटोतून अक्षरं ओळखणारं दुसरं सॉफ्टवेअर लावायचं. ते इंग्रजी बऱ्यापैकी ओळखतं. मराठी शिक्का, त्यावर तलाठ्याची सही, कडेला पेनाने लिहिलेलं ‘पाहिले’, इथे ते हात टेकतं. बरं, ही कसरत कशासाठी? ती फाइल मुळात कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर टाइपच झालेली असते. प्रिंट काढून, सही करून, पुन्हा स्कॅन करून तिला आंधळं केलेलं असतं. हा शब्द त्याचाच आहे, माझा नाही.

मराठी कागदांना आणखी एक खास रोग आहे. सरकारी कचेऱ्यांत, छापखान्यांत वर्षानुवर्षं सुरेख, शिवाजी असे जुने फॉन्ट चालले. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देतो. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत मराठी ‘क’ला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे. या जुन्या फॉन्टांत तसा नव्हता. तिथे परक्या लिपीतल्या एखाद्या चिन्हाला ‘क’चा अंगरखा चढवलेला असायचा. डोळ्यांनी बघणारा अंगरखा बघतो आणि ‘क’ वाचतो. स्क्रीन रीडर आतल्या माणसाला नाव विचारतो आणि तोच मोठ्याने उच्चारतो. त्यामुळे आपल्याला स्वच्छ ‘महाराष्ट्र शासन’ दिसतं, तेव्हा त्याच्या कानात चिन्हांचा नुसता खडखडाट होतो. मला त्याने ऐकवला. मी अर्ध्या मिनिटात थांबव म्हटलं.

उपाय काही भव्य नाहीत. टाइप केलेली फाइल थेट पीडीएफ करा, युनिकोडमध्ये लिहा, पान क्रमांक जुळवा, मोठ्या फाइलला बुकमार्क लावा, बटणाला नाव द्या. हे शेवटचं न दिल्यामुळे कित्येक ॲपं त्याच्याशी “बटण, बटण, बटण” एवढंच बोलतात. त्यातलं एक दाबलं की पैसे जातात आणि एक दाबलं की परत मागे येतो.

माझ्या हातून झालेलं

आता जरा मागे जाते. २००८ च्या आधीची गोष्ट, मी तेव्हा एका शाखेत खाती उघडायच्या टेबलाला होते. एक अंध शिक्षक आले. पगाराचं खातं उघडायचं होतं, चेकबुक हवं होतं. मी त्यांना अतिशय गोड आवाजात सांगितलं, सर, चेकबुक नाही देता येणार, घरच्या कोणाबरोबर जॉइंट खातं करून घ्या, तुमच्याच भल्यासाठी. आमच्याकडे तशीच पद्धत होती. ते म्हणाले, “मॅडम, माझी सही मी करतो. भलं कोणाचं?” मी साहेबांकडे बोट दाखवलं. साहेबांनी मॅन्युअलकडे. ते निघून गेले.

आता उलटतपासणी करू. चेकबुक न देण्यामागे हेतू काय? कोणी फसवू नये. ठीक. मग डोळस माणसाला कोणी फसवत नाही का? माझ्या टेबलावर आलेल्या फसवणुकीच्या तक्रारी सगळ्या डोळसांच्या होत्या. आणि कायदा काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्यात, कलम ११ मध्ये, करार करायला तीन गोष्टी लागतात: माणूस सज्ञान असावा, सुबुद्ध असावा, कुठल्या कायद्याने अपात्र ठरवलेला नसावा. डोळ्यांचं नावही नाही. इंग्रजांच्या काळातल्या कायद्याने जी अट घातली नाही, ती आम्ही काउंटरवर बसून घातली होती.

४ जून २००८ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून हे स्वच्छ केलं. अंध ग्राहक करार करायला पूर्ण सक्षम आहेत. त्यांना चेकबुक, दुसऱ्याच्या नावाचे चेकसुद्धा, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड सगळं भेदभाव न करता द्या. त्यामागे दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांचा २००५ चा आदेश होता. मुंबईतल्या संस्थांनीही या प्रश्नावर चिवटपणे काम केलेलं आहे. सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून बँका, नोटा आणि पुस्तकं या तिन्हींच्या मागे आहे. मी ते परिपत्रक वाचलं तेव्हा ते शिक्षक आठवले. पत्ता फॉर्मवर असता, पण फॉर्म भरूच दिला नव्हता मी.

चार मिलिमीटर

खिशातली नोट हे तर आणखी जवळचं उदाहरण. २०१६ च्या नोटाबंदीआधी पन्नासची नोट १४७ मिलिमीटर लांब होती, शंभरची १५७, पाचशेची १६७, हजाराची १७७. दहा-दहाचा फरक, बोटांना सहज कळणारा. अंध माणसं बोटांच्या पेरांवर नोट मापून झटक्यात सांगायची. नव्या मालिकेत शंभरची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५० झाली. फरक चार मिलिमीटर. बाजरीचे दोन दाणे शेजारी ठेवा, साधारण तेवढा. उठावाच्या खुणा आहेत, पण दादरच्या भाजीबाजारात चार दिवस फिरलेल्या नोटेवर त्या शोधून दाखवा.

वरळीची नॅब, म्हणजे १९५२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंधजन संघटना, यावरून मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ नावाचं ॲप आणलं: नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं. खरी का खोटी ते मात्र सांगत नाही. ॲप उपयोगी आहे, मी वापरून पाहिलंय. पण बसमध्ये कंडक्टर समोर उभा असताना एका हाताने दांडी, दुसऱ्याने नोट, मग फोन कुठल्या हातात? आधी बोटांनी होणारं काम काढून घेतलं आणि बदल्यात ॲप दिलं, हा व्यवहार मला बँकवाली म्हणूनसुद्धा पटत नाही.

‘करावे’ आणि ‘केलेच पाहिजे’

मग एवढे कायदे असून हे असं का? याचं एक उत्तर ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात आहे. राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांनी २००५ साली सार्वजनिक जागांच्या सुलभतेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. मधे २०१७ मध्ये निर्देश दिले गेले, अंमलबजावणी रेंगाळली. अखेर तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने मुळावर बोट ठेवलं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो सुलभतेचे नियम बंधनकारक असतील. पण त्याखाली केलेला नियम १५ बोट दाखवत होता वेगवेगळ्या खात्यांच्या मार्गदर्शक सूचनांकडे, आणि त्यांची भाषा बरीचशी ‘करावे’, ‘केल्यास बरे’ अशी.

सोसायटीच्या गेटवर ‘कृपया येथे गाडी लावू नये’ अशी पाटी असते, तिचं काय होतं आपण रोज बघतो. साखळी आणि कुलूप घातलं की गाडी लागत नाही. न्यायालयाने नियम १५ (१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि सरकारला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. पाटी काढा, साखळी घाला.

“पण मग चोरांचं फावेल ना?”

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, म्हणून झटकून टाकत नाही. सायबर चोरांनी उच्छाद मांडलेला असताना चाचणी सैल करा असं बँकेतला माणूस तरी म्हणणार नाही. पण इथे चाचणी सैल करायची नाहीच, बदलायची आहे. पडद्यावर अचानक आलेले चार आकडे आवाजात सांगून ग्राहकाकडून वदवून घेता येतात. व्हिडिओ कॉलवर बँकेचा जिवंत अधिकारी अनपेक्षित प्रश्न विचारू शकतो. बोटाचा ठसा आहे. शाखेत बोलावता येतं. उलट आता संगणकाने बनवलेले खोटे चेहरे छान मिचकावतात. म्हणजे पापणीची अट प्रामाणिक अंध माणसाला अडवते आणि तयारीच्या चोराला सोडते.

“घरातलं कोणी मदत नाही का करणार?”

करतं की. मी केलीच. पण त्याच बँकेचा दिवसाआड मेसेज येतो: ओटीपी आणि पिन कुणालाही सांगू नका, बँकेच्या कर्मचाऱ्यालासुद्धा नाही. मग अंध माणसाने तो शेजारच्या काकूंना का सांगावा? काकू निवृत्त बँकवाल्या आहेत आणि चेहऱ्याने प्रेमळ आहेत म्हणून? अंध माणसाला घरच्याच कोणी फसवण्याची प्रकरणं वकिलाकडे येतात, तेव्हा तो त्यावर फार बोलत नाही.

“थोड्या लोकांसाठी एवढा खर्च?”

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, तेही नवे २१ प्रकार येण्याआधीच्या मोजणीत. तेव्हा थोडे हा शब्द जपून वापरावा. आणि खर्चाचं म्हणाल तर घर बांधताना पाइप टाकणं वेगळं आणि राहायला गेल्यावर फरशी फोडून टाकणं वेगळं. बटणाला नाव देणं म्हणजे ते लिहिणाऱ्याने दोन शब्द जास्त टाइप करणं. काही वर्षांनंतर आख्खं ॲप उकलून ते घालायचं तर बिल येणारच.

शिवाय हे फक्त अंधांपुरतं राहत नाही. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन’ असं सांगणारा आवाज ज्याला दिसत नाही त्याच्या कामाचा, हे खरं. पण संध्याकाळी सातच्या कर्जत लोकलमध्ये तीन बायकांच्या मागे चेपलेल्या मला तरी खिडकीबाहेरचं काय दिसतं? माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आठवडाभर मी त्याच्याकडून टॉकबॅक शिकले. पहिल्या दिवशी फोन भिंतीवर मारावासा वाटला. चौथ्या दिवशी भाचीला मेसेज केला.

“आणि न्यायाधीश?”

अंध माणूस वकील होतो हे लोक आता मान्य करतात, खुर्चीवर बसेल का यावर मात्र अडतात. साक्षीदाराचे हावभाव कसे बघणार, म्हणतात. मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेच्या नियमांत दृष्टिबाधितांना वगळलं होतं. एका उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्या पत्राचीच याचिका झाली आणि ३ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयात झॅक याकूब हे अंध न्यायमूर्ती १९९८ ते २०१३ अशी पंधरा वर्षं बसले. हावभावांबद्दल आमचा वकील म्हणतो, “काकू, खोटं बोलणारा चेहरा सांभाळतो. श्वास सांभाळायचं त्याच्या लक्षात राहत नाही.” यातलं खरं किती नि वकिली किती, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

अडलं तर काय करायचं

ॲपने नाकारलं तर शाखेत जाऊन कागदावरची केवायसी मागा, ती द्यावीच लागते. शाखेने नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. निम्मी कामं या वाक्यालाच होतात, काउंटरच्या पलीकडे बसलेली म्हणून सांगते. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ वर फोन करून माहिती मिळते. बँकेखेरीज इतर ठिकाणच्या भेदभावासाठी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. तक्रारीत ‘मला त्रास झाला’ एवढंच लिहू नका. कुठल्या तारखेला, कुठल्या पानावर, फोन नेमका काय बोलला आणि कुठे गप्प झाला, ते लिहा.

वकिलाचं खातं शेवटी व्हिडिओ कॉलवर उघडलं. पलीकडची मुलगी सवयीने म्हणाली, “सर, जरा डोळे मिचकावता का?” याने शांतपणे विचारलं, “कशासाठी, मॅडम?” पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, “थांबा, मी विचारून येते.” परत आली आणि तिने त्याला पाच आकडे आपल्या मागून म्हणायला सांगितले. सात मिनिटांत काम झालं.

मी खूश होऊन खाली आले. सोसायटीची सेक्रेटरी मीच आहे. दुसऱ्या दिवशी पाणी बंद, म्हणून फळ्यावर खडूने नोटीस लिहिली, नेहमीसारखा फळ्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरून मेसेज आला: “काकू, माझा फोन म्हणतोय, ‘इमेज’. आग लागलीय की हळदीकुंकू आहे?”